न पेरण्याचा खंड

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या अगदी पश्चिम टोकाला सिमॅरॉन काउंटी आहे. इथे शेतजमिनीच्या मालकाला सरकारकडून दरवर्षी एकरी खंड मिळू शकतो. अट एकच : त्या रानात नांगर घालायचा नाही, गवत राखायचं. या अनुदानाचा जन्म समजून घ्यायचा तर याच मुलखात यावं लागतं.

इथलं पठार मुळात गवताचं. पाऊस बेताचा, वारा मात्र उदंड. ठेंगण्या गवताच्या मुळांच्या जाळ्याने माती धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव बुशेलला २ डॉलरवर गेला, मागोमाग ट्रॅक्टर आले आणि लोकांनी माळ फोडून काढला. १९३१ मध्ये भाव अर्ध्या डॉलरच्या खाली घसरला आणि त्याच सुमारास पावसानेही पाठ फिरवली. उघड्या रानातली बारीक, कसदार माती वाऱ्याने उचलली. जाड कण जमिनीलगत उड्या मारत गेले आणि पडतील तिथली माती मोकळी करत गेले. कुंपणाच्या तारांत वाळकं तण अडकायचं, त्याला धूळ थटायची, आणि बघता बघता कुंपणच गाडलं जायचं. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी आलेल्या वादळाने भरदिवसा काळोख केला.

ह्यू हॅमंड बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ १९२८ पासून जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट असल्याचं कानीकपाळी ओरडत होता. १९३५ च्या वसंतात धूळ राजधानी वॉशिंग्टनपर्यंत पोचली. २७ एप्रिलला मृदासंधारणाचा कायदा झाला आणि नव्या खात्याची सूत्रं बेनेटकडे आली.

अनुदानाचा पैसा मात्र वेगळ्या वाटेने आला. भाव सावरावेत म्हणून शेतकऱ्यांना पेरा कमी करण्याचे पैसे देणारी १९३३ ची योजना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९३६ मध्ये रद्द ठरवली. फेब्रुवारी संपायच्या आत नवा कायदा आला : जमिनीचा कस ओढणारी पिकं सोडून माती राखणारं गवत, द्विदल चारा लावणाऱ्याला पैसे. मातीची काळजी आणि बाजारभावाची चिंता या अनुदानात अशी जन्मापासूनच एकत्र आली.

१९५६ च्या ‘सॉइल बँक’ योजनेत सबंध शेतंच्या शेतं पड राहू लागली. बियाणं, खतं, अवजारं विकणाऱ्या गावातल्या दुकानांना त्याची झळ बसली. ७० च्या दशकात रशियाला धान्य विकलं गेलं, भाव चढले आणि राखलेली रानं पुन्हा नांगराखाली आली. १९८५ च्या कायद्याने आजची योजना आणली, तेव्हा हा अनुभव गाठीशी होता. एका काउंटीतली साधारण चौथाई पीकजमीनच तीत घ्यायची, अशी मर्यादा घातली गेली. करार १० ते १५ वर्षांचा. मालकाने काउंटीच्या कार्यालयात प्रस्ताव द्यायचा. माती किती धुपते, पाण्याला आणि रानजिवांना किती फायदा होईल, यावर गुण पडतात. गवत लावण्याच्या खर्चातही सरकार वाटा उचलतं.

२००७ मध्ये या योजनेखाली जवळपास ३.७ कोटी एकर होते. मग धान्याचे भाव कडाडले, मुदत संपलेले करार अनेकांनी पुढे चालवले नाहीत, आणि २०१४ च्या कायद्याने कमाल मर्यादाच २.४ कोटी एकरांवर आणली.

मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला घर चालवायचं असतं. दोष योजनेच्या मुदतीत आहे. वाऱ्याने उडालेला मातीचा थर पुन्हा तयार व्हायला शतकं लागतात, आणि राखणीचा करार मात्र १० ते १५ वर्षांचा. सर्वांत जास्त धुपणारी जमीन तरी सरकारने कायमची गवताखाली ठेवावी आणि मालकाला त्याचं पुरेसं मोल द्यावं. गव्हाच्या तेजीत टिकत नाही, ते संधारण अर्धवटच.