विरजणाचे माप



वसंतातल्या या व्याख्यानांत संतवाङ्मय यावे, शिवकाल यावा, शेतीचे अर्थकारण यावे, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. बिअर हा शब्द या व्यासपीठावर ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया वर गेल्या असतील, तर त्यात नवल नाही. पेयाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या शहराच्या वेशीवर चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या वसाहती उभ्या आहेत, ज्याचे नाव राज्यभर बिअरच्या कारखान्यांसाठीही घेतले जाते, त्या शहरातील नागरिकांनी या धंद्याच्या मुळाशी असलेली विद्या समजून घेऊ नये, हे काही बरे नव्हे. ती विद्या एका साध्या प्रश्नात सामावलेली आहे: घाण मोठा करायचा असेल, तर विरजण किती आणि ते कसे तयार करावे?

हा प्रश्न आपल्या घरातल्या बायकांना नवा नाही. वाटीभर दुधाला चमचाभर विरजण पुरते. पंगतीच्या मठ्ठ्यासाठी मोठे पातेलेभर दही लावायचे झाले, तर तोच चमचा त्या पातेल्यात टाकून कोणी जाणती गृहिणी निजायला जात नाही. ती आदल्या दिवशी वाटीभर दही लावते, त्या वाटीवर तपेली लावते आणि मग तपेलीवर पातेले. विरजण थोडे पडले की दूध लवकर धरत नाही, आणि धरण्यापूर्वीच्या त्या मोकळ्या वेळात वाऱ्यावरचे भलतेसलते त्यात शिरकाव करते. बिअरच्या किण्वाचे सारे शास्त्र या पायऱ्यांत आहे. फरक इतकाच, की दह्यात जीवाणू काम करतात आणि बिअरमध्ये किण्व, म्हणजे ज्याला आपण बाजारात यीस्ट म्हणून ओळखतो ते.

किण्व हा शब्द आम्ही परिभाषा मंडळाकडून उसना घेतलेला नाही. तो कौटिल्याचा आहे. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रा. रा. प. कंगले यांची अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन भाग प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. तेथे किण्व कसे करावे हे मापासह दिलेले आहे: एक द्रोण उडदाचा लगदा, कच्चा किंवा शिजवलेला, त्याहून एक तृतीयांश अधिक तांदूळ, आणि ठरावीक वनस्पतींचा कर्ष कर्ष भाग. पुढे ते किती वापरावे याचाही हिशेब येतो. मेदक नावाच्या पेयाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. प्रसन्ना नावाच्या पेयाला बारा आढक पीठ आणि पाच प्रस्थ किण्व. चार प्रस्थांचा आढक आणि चार आढकांचा द्रोण, हे कोष्टक ध्यानात घेतले म्हणजे दिसते की मेदकात दोन प्रस्थ तांदळाला तीन प्रस्थ किण्व पडते. धान्याहून विरजण अधिक! घाणाच्या मापाबरोबर विरजणाचे माप लिहून ठेवणारा हा राजपुरुष धंद्याची नस ओळखत होता, असेच म्हणावे लागेल.

त्याच प्रकरणात आणखी एक मौज आहे. सुरेवर राज्याची पुरी हुकमत होती. तरीही घरच्या काही कार्यप्रसंगी कुटुंबियांना श्वेतसुरा, आणि औषधासाठी अरिष्ट, घरी करण्याची मुभा होती. आज आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्यावाचून घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरील परवान्याची अट उठली, आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती करमुक्त झाली. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांपैकी कोणी हा छंद करीत असेल, तर त्याला याच प्रश्नाशी झुंजावे लागते. आपल्या गावी हा प्रश्न घरात सुटत नाही, कारखान्यात सुटतो. म्हणून त्याचा इतिहास आपल्याला कारखान्याच्या वाटेने पाहावा लागेल.

मात्र त्या वाटेवर एक मुक्काम आपल्या शहरातच आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलविली, आणि त्याच्या फौजेबरोबर नान-खलिया या मुलखात आला, अशी येथील परंपरा सांगते. नान फुगतो तो खमिरामुळे. खमीर म्हणजे आदल्या घाणाच्या कणकेचा राखून ठेवलेला गोळा. त्याला पीठपाणी चारून वाढवावे, आणि मग सगळ्या कणकेत मळावे. दहा माणसांचा नान आणि हजार माणसांचा नान यांत पिठाचे पोते वाढते हे कोणालाही दिसते. आदल्या रात्री खमिराला एक चारा जास्त द्यावा लागतो, हे भट्टीवाल्यालाच ठाऊक असते. पाव फुगविणारे किण्व आणि इंग्रजी धाटणीची बिअर आंबविणारे किण्व ही एकाच जातीची भावंडे आहेत, हे येथे सांगून ठेवतो.

हजारो वर्षे माणसाने किण्व वापरले, परंतु ते सजीव आहे हे त्याला ठाऊक नव्हते. १६८० साली हॉलंडच्या लीवेनहूकने आपल्या भिंगाखाली बिअरमधले वाटोळे कण पाहिले. पण ते जिवंत आहेत हे त्याच्या ध्यानी आले नाही. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत श्वान यांनी हे कण वाढतात, त्यांना अंकुर फुटतात, असे दाखविले. पुढे लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाश्चरच्या कामातून निघालेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. किण्वाला हवा भरपूर मिळाली की ते मद्य थोडे करते आणि स्वतः भराभर वाढते. हवा तुटली की वाढ मंदावते आणि मद्य होऊ लागते. म्हणून विरजण वाढविणाराने भांडे हलवीत राहावे, त्यात शुद्ध हवा खेळवावी. आणि बिअर करणाराने एकदा आंबणे सुरू झाल्यावर हवा दूर ठेवावी. एकच जीव, पण शेत पिकविण्याचे नियम निराळे आणि पीक खाण्याचे निराळे.

आता डेन्मार्ककडे वळू. कोपनहेगनचा जे. सी. जेकबसेन हा बिअरचा व्यापारी १८४५ साली म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यातून किण्व घेऊन निघाला. हे थंडीत, भांड्याच्या तळाशी राहून काम करणारे किण्व होते. वाटेत घोडागाडी थांबेल तेथे तो त्या डब्यावर गार पाणी ओतीत असे, अशी आख्यायिका आहे. त्या मूठभर विरजणावर त्याचा कार्ल्सबर्ग कारखाना उभा राहिला. १८७५ साली त्याने कारखान्याला जोडून एक प्रयोगशाळा काढली. तेथे एमिल ख्रिश्चन हान्सेन नावाचा तरुण आला. गरीब घरचा, रंगाऱ्याचे काम केलेला, शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी गोष्टी लिहिणारा आणि डार्विनच्या सागरप्रवासाचे डॅनिश भाषांतर करण्यात भागीदार असलेला असा हा मनुष्य. कारखान्याची बिअर बिघडू लागली होती. हान्सेनने दाखविले की दोष जीवाणूंचा नसून किण्वाच्या गर्दीत मिसळलेल्या रानटी किण्वांचा आहे. त्याने किण्व इतके पातळ केले की एकेका कुपीत एकच पेशी जावी. त्या पेशीची प्रजा वाढविली. आणि अनेक प्रजांतून चांगली बिअर देणारी एक निवडली. १८८३ साली त्या एकाच पेशीच्या वंशावर कारखान्याचा घाण लागला.

एक पेशी वेगळी काढणे ही हान्सेनची कीर्ती. परंतु कारखान्याच्या दृष्टीने खरे कठीण काम त्यानंतर सुरू होते. एका पेशीने हौद आंबवायचा कसा? थोडा हिशेब करू. बिअरचा काढा म्हणजे जवाला मोड आणून, तो वाळवून, भरडून, गरम पाण्यात मुरवून काढलेला गोड रस. शंभर भाग रसात बारा भाग विरघळलेले सत्त्व असेल, तर थंडीत आंबणाऱ्या बिअरसाठी दर मिलिलिटरला सुमारे १ कोटी ८० लाख पेशी घालाव्यात, असा आजचा संकेत आहे. म्हणजे २० लिटरच्या घरगुती घाणाला ३६० अब्ज पेशी हव्यात. घाण ४० लिटरचा केला की ७२० अब्ज. उबेत आंबणाऱ्या बिअरला याच्या निम्म्या पुरतात. एका पेशीपासून ३६० अब्जांवर पोहोचण्यास दुपटीच्या ३९ खेपा लागतात. इतक्या खेपा एका भांड्यात होत नाहीत. म्हणून पायऱ्या: १० मिलिलिटरवरून १००, त्यावरून १ लिटर, मग १०, मग १००. दर पायरीला सुमारे दसपट, आणि भांडी मोठी झाली की चौपट-पाचपटच. दसपटीच्या सहा पायऱ्यांत १० मिलिलिटरचे १०,००० लिटर होतात. दर पायरीवरचा काढा मूळ घाणाहून थोडा पातळ, उकळून निर्जंतुक केलेला आणि निवविलेला असावा. पायरीला एक-दोन दिवस द्यावेत. आणि किण्व ऐन भरात असतानाच पुढच्या भांड्यात न्यावे.

पायरी गाळली तर काय होते? दोन दिवसांत चालू व्हायचे ते आंबणे रखडते, आणि दह्यातल्या जीवाणूंचेच भाऊबंद आत येऊन बिअर आंबट करतात. मोजक्या पेशींना अनेक पिढ्या वाढावे लागते, त्या थकतात, नको ते वास सोडतात आणि साखर अर्धवट ठेवून तळाशी बसतात. हान्सेनने क्यूले या सहकाऱ्याबरोबर बंद भांड्यांचे एक यंत्र बनविले; त्यात निर्जंतुक हवा खेळवून शुद्ध किण्व टप्प्याटप्प्याने वाढविता येई. ती विद्या आणि ते किण्व जेकबसेनने कुलपात ठेवले नाही. प्रयोगशाळेत सापडलेले काहीही गुप्त राहू नये, असा त्याचा दंडक होता. इतर कारखान्यांनी ते उचलले. त्या विरजणाचा एक पूर्वज दक्षिण अमेरिकेतील पाटागोनियाच्या जंगलात २०११ साली सापडलेल्या थंडी सोसणाऱ्या रानटी किण्वाचा भाईबंद आहे, हेही आता कळले आहे.

हिंदुस्थानात गोऱ्या शिपायांसाठी बिअर करणारांनी १८५५ साली कसौली आणि १८६० साली मरीजवळचे घोडा गली अशी डोंगरातली ठिकाणे गाठली, कारण त्यांना थंडी हवी होती. थंडी यंत्राने होऊ लागल्यावर कारखाने पठारावर उतरले. १९१५ साली बंगळूरला पाच कारखान्यांची एक कंपनी झाली. आमच्या मराठवाड्यात, जेथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे हा धंदा यंत्राच्या थंडीमुळेच रुजला. आणि ज्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत ती एक पेशी निवडली गेली, त्या कंपनीचाही कारखाना पुढे आपल्या या शहराजवळ आला. किण्वाचे देशी भांडारही दूर नाही: १९५० साली उघडलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. काचेच्या नळीतली तेथली एक तिरपी रेघ हीच कित्येक मोठ्या हौदांची पहिली पायरी होते.

येथवर किण्वाची गोष्ट झाली. पण श्रोतेहो, घाणाला किण्वाइतकेच पाणी लागते, आणि एक लिटर बिअरमागे कारखान्यात कित्येक लिटर पाणी खर्च होते. या गावाने पाण्याच्या पायऱ्या एके काळी नीट चढल्या होत्या. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसविली आणि थोड्याच वर्षांत नहर आणली. १९६५ साली जायकवाडीचा पाया घातला गेला, १९७६ साली धरण पुरे झाले, आणि त्याच पाण्याच्या भरवशावर वाळूज वाढले. पुढे मात्र घाण वाढत गेला आणि विरजण तेवढेच राहिले. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात टँकर धावत असताना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यकारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. ज्या कारखान्यात किण्वाच्या प्रत्येक पायरीची नोंद होते, त्याच्या कुंपणाबाहेर पाण्याच्या पायऱ्यांची नोंद कोणी ठेवली नव्हती.

२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे नाव धारण करणाऱ्या या शहरात नव्या वसाहती येत आहेत, नवे कारखाने येत आहेत. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. रोजगार नको असे म्हणणारा माणूस मराठवाड्यात सापडणार नाही. मात्र नव्या हौदाचा नारळ फुटण्यापूर्वी, आदल्या रात्री खमिराला चारा देणाऱ्या भट्टीवाल्यासारखे, त्याच्या पाण्याचे माप कोणी घेतले आहे काय, हा प्रश्न विचारण्याचा हक्क या सभेतल्या प्रत्येकाला आहे. तो आपण विचारावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.