रस्त्याकाठची झाडे आणि कुऱ्हाडीचा धर्म

रस्त्यांच्या कडेने आपण वड लावले, ते गुरांना आणि माणसांना सावली देतील, ही गोष्ट सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात मुद्दाम नोंदवून ठेवली आहे. झाडे लावणाऱ्याचे नाव इतिहास असे जपतो. पण लावलेली रांग टिकावी म्हणून त्यातले रोगट झाड वेळीच काढणाऱ्याचा शिलालेख कोणी कोरलेला नाही. या दुर्लक्षित कामाची एक हकीकत आम्ही आज आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती घडली युरोप-अमेरिकेत. पण तिचा बोध आपल्याला परका नाही.

पहिले महायुद्ध संपते न संपते तोच हॉलंड व आसपासच्या देशांत रस्त्यांच्या दुतर्फा उभे असलेले एल्म वृक्ष ऐन उन्हाळ्यात वाळू लागले. युद्धातल्या विषारी वायूचा हा परिणाम असावा, असाही तर्क लोकांनी केला. योहाना वेस्टरडाइक या डच विदुषीच्या विद्यार्थिनी बेआ श्वार्ट्स यांनी १९२२ साली दाखवून दिले की, याचे मूळ एका बुरशीत आहे. पुढे क्रिस्टीन बाउस्मन यांच्या प्रयोगांनी त्यास दुजोरा मिळाला. ही बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिकांत शिरते, नलिका बंद पडतात आणि पाने पिवळी होऊन गळतात. तिचा वाहक म्हणजे सालीत राहणारा एक लहानसा भुंगेरा. मरू घातलेल्या एल्मच्या सालीखाली तो वाढतो, आणि अंगावर बुरशीचे बीज घेऊन शेजारच्या निरोगी झाडाच्या कोवळ्या फांद्या कुरतडायला जातो.

म्हणजे वाळलेले झाड नुसते मेलेले नसते. ते पुढच्या मरणाचे घर असते. उपाय यातूनच निघाला. रोग नुकताच एखाद्या फांदीत दिसला, तर लाकडातल्या तपकिरी रेषा संपतात तेथून आठदहा फूट खाली, निरोगी लाकडात, ती छाटावी. रोग बुंध्यात उतरला असेल, तर झाड पाडून त्याची साल जाळावी. शेजारच्या झाडांची मुळे जमिनीखाली एकजीव झालेली असतात व त्यांतूनही रोग सरकतो. म्हणून मध्ये चर खणावा.

१९३० साली हा रोग अमेरिकेत ओहायो राज्यात आढळला. फर्निचरसाठी युरोपातून आणलेल्या ओंडक्यांबरोबर तो समुद्र ओलांडून आला होता. तेथील असंख्य गावांचे रस्ते एल्मच्याच कमानीखाली होते. एकाच जातीच्या रांगेत रोगाला वाट सोपी झाली. महायुद्धानंतर अनेक गावांनी डीडीटीची फवारणी पत्करली. विषारी पाने गळून पडली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि वसंतात पक्षी मरून पडू लागले. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात ही साखळी जगापुढे मांडली. आणि रोगट लाकूड तत्परतेने काढून नष्ट करणाऱ्या न्यू यॉर्क राज्यातील गावांनी आपले एल्म अधिक चांगले राखले, हेही त्याच ग्रंथात दाखवले.

१९६० नंतरच्या दशकात याच रोगाचा अधिक जहाल प्रकार उत्तर अमेरिकेतील ओंडक्यांतून इंग्लंडात गेला व तेथील कोट्यवधी एल्म नष्ट झाले. ब्रायटन नगराने मात्र नेटाने पाहणी, छाटणी आणि तोड चालू ठेवली. म्हणून तेथे आजही एल्म उभे आहेत.

श्रोतेहो, झाडावर कुऱ्हाड उगारणे पाप, हा आपला संस्कार मोलाचा आहे. तो सोडावा असे आम्ही म्हणणार नाही. रोगाचे निमित्त करून चांगली झाडे तोडणारेही असतात, हेही खरे. म्हणूनच कुऱ्हाड दिसली की लाकूड तपासून पाहण्याचा हक्क नागरिकांनी बजावावा. पण रोग ठरला, तर एका झाडावरच्या मायेपोटी सारी रांग गमावू नये. त्या रिकाम्या जागी दुसऱ्याच जातीचे रोप लावावे. पुढच्या वाटसरूची सावली तेथूनच सुरू होते.