हळदीच्या सौद्यात घासाघीस करणारे अण्णा विम्याच्या खिडकीवर गप्प का बसायचे?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि घरात गाडीच्या विम्याचं रिन्युअल तोंडावर आलं असेल तर जरा शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीच्या आवराआवरीत वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. अण्णा आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. कागद फेकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पेटीत १९८४ पासूनच्या सगळ्या विमा पॉलिश्या सुतळीने बांधून ठेवलेल्या. आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या, आणि पुढे मारुतीच्या. दरवर्षी तेच सरकारी कंपनीचं ऑफिस, तोच विकास अधिकारी, आणि तो सांगेल तो आकडा. एकाही कागदाच्या मागे अण्णांची पेन्सिलीतली आकडेमोड नाही. हे मला विचित्र वाटलं, कारण हा माणूस भाजीवाल्याच्या पावतीमागेसुद्धा बेरीज तपासून बघायचा. हळदीच्या सौद्यात क्विंटलमागे पाच रुपयांसाठी तासभर घासाघीस चालायची. विम्याच्या खिडकीवर मात्र मुकाट पैसे मोजून बाहेर.

आधी वाटलं, सरकारी ऑफिसचा धाक असेल. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की अण्णांनी विचारलं असतं तरी काही फरक पडला नसता. विचारण्यासारखं तिथे काही नव्हतंच!

थोडं मागे जाऊ. गाडी चालवायची तर दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा हवाच, हा कायदा जगातही फार जुना नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ही सक्ती १९२७ मध्ये आली, ब्रिटनमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने. आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, पण त्यातलं विम्याच्या सक्तीचं प्रकरण प्रत्यक्ष लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. म्हणजे कायदा झाल्यावर सात वर्षांनी. अपघाताचे दावे ऐकणारी खास न्यायाधिकरणं तर १९५६ च्या दुरुस्तीनंतरची.

त्या काळात विमा कंपन्या भरपूर होत्या. मुंबईत सर दोराबजी टाटांनी १९१९ मध्ये न्यू इंडिया काढली होती. लहान-मोठ्या, देशी-परदेशी मिळून पुढे शंभराच्या वर झाल्या. पण कंपन्या शंभर म्हणून भाव शंभर, असं नव्हतं. १९६८ च्या दुरुस्तीने टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी आली आणि दरांचं पुस्तक तिच्या हातात गेलं. त्या पुस्तकातला दर म्हणजे दर. कमी लावायचा नाही, जास्तही नाही.

मग १३ मे १९७१ ला वटहुकूम निघाला आणि सरकारने साधारण विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला. १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार झाल्या: कलकत्त्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल, मद्रासची युनायटेड इंडिया. कागदोपत्री या चौघी एकमेकींच्या स्पर्धक. पण पुस्तक एकच. स्टेशन रोडवर जा नाहीतर कोल्हापूरला जा, पद्मिनीचा हप्ता पैशासकट सारखाच. अण्णा कशाची तुलना करणार?

एक चोरवाट होती, ती सांगायला हवी. एजंट आपल्या कमिशनमधले थोडे पैसे हळूच गिऱ्हाइकाला परत द्यायचा. विमा कायदा १९३८ चं कलम ४१ याला साफ मनाई करतं. तरी ते सर्रास चालायचं हे त्या पिढीतल्या कुठल्याही ट्रकमालकाला विचारा. अण्णांना कधी मिळालं की नाही, पेटी सांगत नाही. न मिळालेलं असण्याची शक्यता जास्त, कारण त्यांना ते मागताच आलं नसतं.

आता मला सगळ्यात रंजक वाटलेली गोष्ट. १ जुलै २००२ ला 'इंडिया मोटर टॅरिफ' नावाचं नवं पुस्तक लागू झालं. मी ते अख्खं वाचलं, आणि बायकोने मला वेड्यात काढलं. त्यात देशाचे दोन झोन. झोन ए मध्ये अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि आपलं पुणे. बाकीचा सगळा देश झोन बी, म्हणजे सांगली पण. १००० ते १५०० सीसीची, पाच वर्षांच्या आतली गाडी असेल तर पुण्यात गाडीच्या किमतीवर ३.२८३ टक्के, सांगलीत ३.१९१ टक्के. चार लाखांच्या गाडीला पुणेकराने १३,१३२ द्यायचे, आपण १२,७६४. पुण्याच्या ट्रॅफिकची किंमत वर्षाला ३६८ रुपये! (पुण्यातल्या मित्रांनी रागावू नये, मी फक्त पुस्तक वाचतोय.)

याच पुस्तकाने आयडीव्ही आणली, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर जास्तीत जास्त किती मिळणार तो आकडा. नवी किंमत धरायची आणि वयाप्रमाणे घसारा: एक ते दोन वर्षांना २० टक्के, दोन ते तीनला ३०, पुढे ४०, ५०. सवलतीही यातच ठरवल्या होत्या. क्लेम केला नाही तर नो क्लेम बोनस २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर अडीच टक्के, पण ५०० रुपयांच्या वर नाही. ऑटोमोबाइल असोसिएशनचं सभासदत्व असेल तर ५ टक्के, कमाल २०० रुपये. आणि "नुकसानीतले पहिले इतके पैसे माझे मी भरीन" असं लिहून दिलं की आणखी सूट. हे शेवटचं लक्षात ठेवा. माझं घोडं तिथेच अडलं.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली तरी कंपनीकडून पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीला तो लावता येतो. अण्णांनी २००३ मध्ये मारुती विकली तेव्हा पन्नास टक्के बोनस जमा होता. पत्र घेतलं नाही. कोणी सांगितलंच नाही. वर्षभरात दुसरी गाडी घेतली ती शून्यावरून.

मग १ जानेवारी २००७. टॅरिफ उठलं. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग, ज्याला ओडी म्हणतात, त्याचा दर कंपनीने आपापला ठरवायचा. २००९ पासून पॉलिसीला झिरो डेप, इंजिन प्रोटेक्टसारखी जोडपत्रं लागायला लागली. पण दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा भाग, टीपी, तो सरकारच्याच हातात राहिला. त्याला कारण होतं. टीपीमध्ये मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, ट्रकच्या टीपीत कंपन्यांना तोटा, आणि मोकळं सोडलं असतं तर ट्रकला कोणी दारात उभं केलं नसतं. म्हणून एप्रिल २००७ पासून २०१२ पर्यंत सगळ्या कंपन्यांनी तो तोटा वाटून घ्यायचा, असा एक सामाईक पूल चालवला गेला. दुसरीकडे वाहतूकदार टीपी महाग म्हणून संपावर. जुलै २०१८ चा आठवडाभराचा देशव्यापी ट्रक संप आठवतो ना? डिझेल आणि टोलबरोबर टीपीचा हप्ता ही त्यातली मागणी होती.

म्हणजे आजसुद्धा तुमच्या हप्त्याचा एक मोठा तुकडा कुठेही गेलात तरी तोच आहे. १ जून २०२२ पासूनचे दर: १००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. इलेक्ट्रिक गाडीला टीपीत १५ टक्के सूट. वर १८ टक्के जीएसटी. घासाघीस फक्त ओडीत. "आमच्याकडे टीपी स्वस्त आहे" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

अजून एक गंमत. मोबाइलवर कोटेशन काढलं की "ओडीवर ७० टक्के सूट" असं दिसतं ना? सूट कशावर? अनेक कंपन्यांनी २००२ च्या त्या पुस्तकातले दरच पाया म्हणून ठेवले आणि त्यावर सूट दाखवत राहिल्या. पुस्तक मेलं, पण त्याचं भूत प्रत्येक कोटेशनमध्ये बसलंय. म्हणून टक्क्यांकडे बघूच नका. शेवटी ओडीचे रुपये किती, एवढंच बघा.

हे शहाणपण मला २०१९ मध्ये नव्हतं.

त्या जुलैत माझी चार वर्षांची गाडी, बोनस ४५ टक्के. अण्णांसारखं मुकाट पैसे द्यायचे नाहीत असं ठरवून मी फोनवर चार कोटेशनं काढली. टीपी चारही ठिकाणी ३,२२१. सगळ्यात स्वस्त ते बाकीच्यांपेक्षा जवळपास १,९०० रुपयांनी कमी. लगेच घेतलं. अण्णांना फोन करून बढाई पण मारली. ते म्हणाले, "बरं झालं. पण कमी कशात केलंय ते बघितलंस का?" मी हसलो. दिवाणजीपणा जात नाही म्हातारपणी, असं वाटलं.

ऑगस्टमध्ये काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर, गाडी खालच्या पार्किंगमध्ये. पाच दिवस पाण्यात.

पाणी उतरल्यावर मेकॅनिकने, माझ्यासमोर, चावी फिरवली. तिथेच इंजिन गेलं. सर्व्हेअर आला, सभ्य माणूस होता, त्याने समजावून सांगितलं. पुराचं नुकसान पॉलिसीत आहे. पण पाणी भरलेलं इंजिन चालू केल्यामुळे जे झालं ते "परिणामी नुकसान", ते मूळ पॉलिसीत नाही. त्यासाठी इंजिनचं जोडपत्र लागतं. ते मी घेतलं नव्हतं, कोटेशन त्यामुळेच स्वस्त होतं. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा. शिवाय मी कुठेतरी ७,५०० रुपये स्वतः भरण्याच्या चौकोनात टिक केली होती, किंवा ती आधीपासून होती आणि मी काढली नव्हती. आयडीव्ही सुद्धा बाकीच्यांपेक्षा ५५ हजारांनी कमी धरलेली.

एक लाख बारा हजारांचं बिल. हातात आले ३१ हजार आणि काही. कंपनीवर राग काढायला जागा नव्हती, सगळं छापलेलं होतं. पंचेचाळीस टक्के बोनस गेला तो वेगळाच. पुढच्या वर्षी ५० झाला असता. त्याऐवजी शून्यावरून चढत चढत मी २०२५ च्या रिन्युअलला ५० वर पोचलो.

तेव्हापासून मी अण्णांची पद्धत धरली आहे. एका कागदावर रेघा मारतो. आयडीव्ही सगळ्या कंपन्यांना एकच सांगतो, आकडा मी ठरवतो. तीच जोडपत्रं, तोच स्वतः भरायचा वाटा. मग ओडी शेजारी शेजारी मांडतो. नदीकाठी राहतो म्हणून इंजिनचं जोडपत्र सोडत नाही. विश्रामबागच्या पुढे उंचावर राहणाऱ्याने सोडलं तर मी काही म्हणणार नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा प्रत्येक गाडीला वेगळा घ्यायची गरज नसते, एकदा असला की पुरे, पण कोटेशनमध्ये तो आपोआप येऊन बसतो. काढायला सांगावं लागतं. दोन-तीन हजारांच्या ओरखड्याला क्लेम करत नाही, आधी बोनसचा हिशेब. आणि खोटा बोनस कधीच सांगत नाही. एजंट म्हणतो "टाकू का पन्नास, कोण बघतंय?" तर नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारून खात्री करू शकते, आणि ते उघडं पडतं नेमकं क्लेमच्या वेळी. मुदत संपून ९० दिवस उलटले की खरा बोनससुद्धा बुडतो, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहा.

हे सगळं ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांचं झालं. आपल्या देशात रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त गाड्यांना विमाच नाही, हे संसदेच्या समितीच्या अहवालातही आलंय. त्यात बहुतेक दुचाक्या. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा टीपी एकदम घ्यावा लागतो. सहाव्या वर्षी काय होतं ते आपल्या गल्लीतल्या पाच दुचाक्यांचे कागद बघून सांगा. त्यातल्या एखादीने उद्या एखाद्या मजुराला उडवलं तर भरपाईचा निकाल लागेल, पण पैसे कोण देणार? दुचाकीवाल्याच्या खिशात नसतात. दंड पहिल्या वेळी दोन हजार. अनेकांना तो दंडच हप्त्यापेक्षा परवडतो असं वाटतं, आणि कोपऱ्यावर कोणी थांबवतही नाही.

अण्णा २०२१ मध्ये गेले. पेटीत सगळ्यात वर माझ्या २०१९ च्या पॉलिसीची झेरॉक्स सापडली. मी त्यांना कधी दिली ते आठवत नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीत दोन ओळी: जुनी आयडीव्ही, नवी आयडीव्ही, वजाबाकी, आणि ५५,००० खाली दोन रेघा.

ज्यांच्या घरी १९७३ च्या आधीची, त्या १०७ पैकी कुठल्याही कंपनीची मोटार पॉलिसी असेल त्यांनी खाली फोटो टाका. नाव-पत्ता झाकून. हप्ता किती होता ते मला बघायचंय.