अनुस्फुरक एषणी
जिवंत कोशिकेतील (पेशीतील) एंझाइमाची, म्हणजे जीवरासायनिक विक्रिया जलद घडवून आणणाऱ्या प्रथिनाची, क्रियाशीलता प्रकाशाच्या रूपाने दाखविणारे संयुग. एखाद्या पदार्थाने प्रकाश शोषून घेऊन त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणे यास अनुस्फुरण म्हणतात. एषणीच्या रेणूत हा गुणधर्म एखाद्या रासायनिक गटाच्या योगाने दडपलेला असतो. विशिष्ट एंझाइमाने तो गट तोडला म्हणजे रेणू अनुस्फुरक बनतो. एंझाइमाचा एकच रेणू एषणीचे अनेक रेणू एकामागून एक मोकळे करीत असल्याने अत्यल्प एंझाइमही ओळखता येते.

इतिहास : एंझाइमांचा प्रारंभीचा अभ्यास कोशिका नष्ट करूनच झाला. एडूआर्ट बूखनर यांनी १८९७ मध्ये यीस्टच्या कोशिका फोडून काढलेल्या रसाने साखरेचे किण्वन घडवून आणले. जॉर्ज गोमोरी यांनी १९३९ मध्ये ऊतकाच्या छेदातील फॉस्फेटेजाचे स्थान रंजनाने दाखविले. तथापि ते ऊतक मृत होते. एंझाइम दिसे, पण त्याचे जिवंतपणीचे कार्य दिसत नसे.

१९६१ मध्ये बोरिस रॉटमन यांनी अनुस्फुरक द्रव्य मुक्त करणारे संयुग वापरून सूक्ष्म थेंबांत बीटा-गॅलॅक्टोसिडेजाच्या एकेकट्या रेणूची क्रिया मोजली. १९६६ मध्ये त्यांनी व बेन पेपरमास्टर यांनी फ्ल्युओरेसीन डायॲसिटेट सस्तन प्राण्यांच्या जिवंत कोशिकांत वापरले. हे अनुस्फुरणहीन संयुग कोशिकापटलातून सहज आत शिरते. आतील एस्टरेज एंझाइमे त्याचे ॲसिटेट गट तोडतात व मुक्त झालेले फ्ल्युओरेसीन आत साठून कोशिका हिरवी उजळते. पटल फाटलेल्या कोशिकेत ते टिकत नाही. त्यामुळे हा प्रकाश कोशिकेच्या जिवंतपणाचीही खूण ठरला.

उपयोग व मर्यादा : यासुतेरू उरानो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेजाने उजळणारी एषणी उंदरांतील अर्बुदांवर फवारली असता सूक्ष्म अर्बुदे काही मिनिटांतच दिसू लागली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मागे राहिलेले रोगग्रस्त ऊतक शोधण्यासाठी पेग्युलिसियानीन या एषणीस अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

मात्र प्रकाश दिसला नाही म्हणून एंझाइम नाही, असे अनुमान काढता येत नाही. एषणी कोशिकेत शिरलीच नसेल किंवा मुक्त झालेले द्रव्य बाहेर झिरपले असेल. तसेच एकाच एषणीवर अनेक एंझाइमांची क्रिया होऊ शकते. म्हणून एंझाइमाची क्रिया रोखणारे द्रव्य वापरून प्रकाश मंदावतो की नाही, हे पडताळून पाहावे लागते.