चाके, शॉकअप आणि कामगारांची वर्गणी



जुन्या मोटारीला चाके कोणती घालावीत आणि शॉकअप कोणते बसवावेत, हा काही वसंत व्याख्यानमालेचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी कोणी मनात म्हटले असेल तर त्यात नवल नाही. या व्यासपीठाला संतवाङ्मय शोभते, अर्थकारण शोभते. परंतु मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा थोडी झाली. वाचन जे झाले ते गॅरेजच्या बाकावर आणि एस. टी. स्टँडवर. त्यामुळे मला इतिहास दिसतो तो वस्तूंमधून. वस्तू कोणी घडविली, पैसा कोणाचा लागला आणि हाडे कोणाची खिळखिळी झाली, एवढे तीन प्रश्न विचारले की साध्या लोखंडी रिममधूनही पुष्कळ काही बाहेर पडते.

प्रथम आपल्या गावाकडेच पाहू. ताडकळसच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या जी गाडी चालली तिचे चाक सुताराने घडविलेले असे: मधे तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांवर पाटे आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, हे दृश्य वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी पाहिले असेल. याच धावेने रस्त्यात जी खोल रेघ पडते तिला आपण चाकोरी म्हणतो. बुद्धिमंत लोक चाकोरीबाहेर जाण्याच्या गोष्टी करतात; गाडीवानाला मात्र पावसाळ्यात चाकोरी सोडणे म्हणजे चिखलात रुतणे, हे पक्के ठाऊक असते. या गाडीला स्प्रिंग नाही. रस्त्याचा प्रत्येक दगड सरळ माणसाच्या कण्यात पोहोचतो. पुढे टायरगाडी आली आणि ओझे ओढणाऱ्या बैलांना मोठा आराम मिळाला. हवा भरलेले टायर हीच खरे तर गाडीची पहिली स्प्रिंग होय. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने १८८८ साली ते आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केले होते.

आता स्प्रिंग आणि शॉकअप यांतील फरक स्पष्ट करतो, कारण सगळा घोटाळा येथेच होतो. शॉकअप धक्का सोसतो, असे नावावरून वाटते. वस्तुतः धक्का सोसते ती स्प्रिंग. खड्ड्याचा मार ती पोटात घेते, पण पचवीत नाही. लगेच उलट फेकते. म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर चार वेळा डोलते आणि त्या डोलण्यात चाक रस्ता सोडते. चाकाने रस्ता सोडला की ब्रेकही व्यर्थ आणि सुकाणूही व्यर्थ. ते डोलणे मारण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून तेल रेटताना हालचालीचे रूपांतर उष्णतेत होते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहा, तो गरम लागतो. आपण गमावलेले धक्के ते हेच.

निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांनिशी रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. त्या काळच्या बसला आणि ट्रकला पाट्यांची स्प्रिंग असे. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यानेच डोलणे थोडेफार मरते. म्हणून ट्रकचा शॉकअप निकामी झाला तरी ड्रायव्हर महिनोन्‌महिने गाडी रेटू शकतो. पण जेथे पाटेच नाहीत तेथे काय? आणि येथेच आपली हवेवर थंड होणारी मोटार येते.

फोक्सवॅगनची ती कासवासारखी गोल गाडी, इंग्रजीत तिला भुंगेरा म्हणतात, आपण मुंबईपुण्याकडे किंवा निदान चित्रांत पाहिली असेल. इंजिन पाठीमागे, त्याला पाण्याची टाकी नाही, पंख्याच्या हवेने ते थंड होते. अभियंता फर्डिनांड पोर्शे याने तिच्यासाठी पाटे घेतलेच नाहीत. पोलादाचा दांडा पिळला की तो उलटा सुटू पाहतो, या साध्या गुणावर त्याने १९३१ साली पेटंट घेतले होते. मागे प्रत्येक बाजूला एक गोल दांडा, पुढे दोन आडव्या नळ्यांत पोलादी पट्ट्यांचे जुडगे; चाक वर गेले की ते पिळले जातात. रचना स्वस्त, हलकी आणि टिकाऊ. मात्र मागच्या पिळाच्या दांड्यात घर्षण जवळजवळ नसतेच, म्हणून या गाडीत सारी भिस्त शॉकअपवर. ट्रकमध्ये जी सोय असते ती येथे गरज होते.

आता ही गाडी कोणाच्या पैशाने उभी राहिली ते ऐका. १९३३ सालच्या १ मे रोजी जर्मनीत हिटलरच्या सरकारने कामगार दिनाची पगारी सुटी दिली, मोठमोठ्या मिरवणुका काढल्या. दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, देशभरच्या कामगार संघटनांच्या कचेऱ्यांवर त्यांच्या टोळ्या घुसल्या. पुढारी तुरुंगात गेले, इमारती आणि निधी जप्त झाला. ज्यांनी कधी वर्गणी गोळा केली आहे त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पावतीपुस्तक घेऊन पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहावे लागते. चार आणे, आठ आणे करून तो पैसा जमतो. ही सारी मालमत्ता रॉबर्ट लाय याच्या हाताखालच्या ‘जर्मन श्रमिक आघाडी’ नावाच्या सरकारी संस्थेकडे गेली. तिने संघटनांच्या जप्त मालमत्तेच्या विक्रीतून मोटारीचा कारखाना उभारण्यास पैसा पुरविला. २६ मे १९३८ रोजी कोनशिला बसली.

एवढ्याने भागले नाही. १९३८ मध्येच बचतीची योजना निघाली. गाडीची किंमत ९९० मार्क. कामगाराने दर आठवड्याला निदान ५ मार्कांचे तिकीट घेऊन पुस्तिकेत चिकटवायचे. व्याज नाही. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी तिकिटे चिकटविली. त्यांपैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले, कारखान्यात लष्करी गाड्या होऊ लागल्या आणि सुमारे वीस हजार माणसे तेथे सक्तीने राबविली गेली. युद्धानंतर ब्रिटिश लष्कराचा मेजर आयव्हन हर्स्ट याने तो मोडका कारखाना पुन्हा चालू केला. बचतदार कोर्टात गेले. प्रकरण १९६१ पर्यंत चालले आणि पूर्ण हप्ते भरलेल्यांना शेवटी मिळाली नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, किंवा १०० मार्क रोख. तोवर नव्या गाडीची किंमत कितीतरी वाढली होती. १९६० च्या कायद्याने कारखान्याचे ६० टक्के भाग जनतेला विकले गेले. त्याच कायद्यात कारखाना नवा उभारायचा किंवा हलवायचा तर देखरेख मंडळाच्या दोनतृतीयांश संमतीची अट आली, आणि त्या मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. गेलेल्या पैशाचा एवढाच काय तो हिशेब लागला.

असो. ज्याच्या दारात अशी जुनी गाडी उभी आहे त्याने आता काय घ्यावे? पहिली गोष्ट, गाडीचे साल पाहावे. सुरुवातीच्या गाड्यांना १६ इंची चाके होती. १९५२ च्या अखेरीपासून १५ इंची आली. चाक पाच बोल्टांवर बसे, ते १९६७ नंतर हळूहळू चार बोल्टांवर आले; एकाचे रिम दुसऱ्यास बसत नाही. जुने शॉकअप दांडीने हलणारे होते, १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत नळीचे आले. १९६५ च्या उत्तरार्धात पुढच्या चाकाचे सांधे बदलले आणि त्याबरोबर शॉकअपही बदलले. दुकानदार ‘सगळ्यांना चालतो’ म्हणाला की समजावे, त्याला माल खपवायचा आहे.

हल्ली हौशी लोक रुंद रिमा घालतात आणि गाडी खाली बसवितात. दिसते छान. पण रुंद चाक बाहेर आले की बेअरिंगवरचा भार वाढतो आणि सुकाणू जड होते. जड चाक खड्ड्यातून चटकन वर येत नाही. स्प्रिंगच्या खालचे वजन जितके कमी तितके चाक रस्त्याला धरून राहते. लहान व्यासाचे चाक त्याच खड्ड्यात अधिक खोल उतरते. आमच्या परभणीकडच्या रस्त्यांवर हे सांगायला पुस्तक लागत नाही. गाडी खाली बसविली आणि शॉकअप पूर्वीच्याच लांबीचा ठेवला तर त्याचा दट्ट्या तळाला ठोकर खातो. वायू भरलेले शॉकअपही मिळतात. ते लवकर थकत नाहीत, परंतु त्यांच्या दाबाने गाडी ताठरते. या गाडीचे नाक हलके, सारे ओझे मागे. म्हणून पुढे तेलाचाच मऊ शॉकअप बरा, असे माझे मत आहे.

मागे मात्र प्रश्न आरामाचा नाही, जिवाचा आहे. या गाडीचा मागचा आख गियरपेटीपाशी दोन ठिकाणी लवतो, चाकापाशी लवत नाही. वेगाने वळताना गाडीचे बूड उचलले गेले की बाहेरचे चाक मुरगळलेल्या पावलासारखे आत वळते आणि गाडी फिरते किंवा उलटते. मागचे चाक किती खाली लोंबेल हे शॉकअपच्या लांबीवर ठरते. येथे लांब शॉकअप घालणे म्हणजे संकटाला आमंत्रण. टायरमधली हवाही याच कारणाने पुढे कमी, सुमारे १६-१७ पौंड, आणि मागे २४ च्या आसपास ठेवीत. पेट्रोलपंपावरचा पोरगा चारी चाकांत सारखी हवा भरतो, तेव्हा तो उपकार करीत नसतो. कारखान्याने १९६६-६७ मध्ये मागे एक जादा दांडा घातला आणि पुढे अमेरिकेत विकायच्या गाड्यांत दुहेरी सांध्याचा आख दिला.

अमेरिकेची आठवण निघाली म्हणून सांगतो. तेथे जनरल मोटर्सने १९६० सालासाठी कॉर्व्हेर नावाची गाडी काढली; तीही पाठीमागे इंजिन असलेली, हवेवर थंड होणारी, तशाच आखाची. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली एक पुस्तक लिहून विचारले की, पुढच्या बाजूचा एक साधा दांडा वाचवून गाडी स्वस्त करायची आणि सुरक्षितता चालकाने टायरच्या हवेतून साधायची, हा कोठला न्याय? कंपनीने उत्तर म्हणून त्याच्या मागे खाजगी हेर लावले. मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षाला सेनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांत असे निघाले की कॉर्व्हेर त्या काळच्या इतर गाड्यांहून फार वाईट नव्हती. हेही सांगितले पाहिजे. आपल्या बाजूचा माणूस म्हणून त्याचे सगळेच खरे धरू नये. तथापि नेडरने विचारलेला प्रश्न त्या चाचण्यांनी खोटा ठरत नाही.

ती कासवगाडी मेक्सिकोत ३० जुलै २००३ रोजी बंद झाली. एकूण २,१५,२९,४६४ गाड्या झाल्या. त्याच कंपनीचा कारखाना २००९ साली आपल्या चाकणला निघाला, पण तेथल्या गाड्या पाण्यावर थंड होतात. आपल्या ताडकळसच्या चौकात हवेवर थंड होणारे इंजिन पाहायचे तर दुचाकी पाहावी किंवा रिक्षा. रिक्षाचे कूळ इटलीतले. १९४६ साली व्हेस्पा स्कूटर आखणारा कोराडिनो दास्कानिओ हा विमानांचा अभियंता, त्याने विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरलेले छोटे चाक तिला दिले. गुळगुळीत शहरी रस्त्यासाठी योजलेले ते आठ इंची चाक आज पूर्णेच्या रस्त्यावर सहा-सात माणसे घेऊन खड्ड्यांतून जाते. तिचे शॉकअप गळू लागले की तेलाचा ओला डाग नळीवर दिसतो, आणि गाडी वरून दाबून सोडली असता एकदाच वर येऊन थांबण्याऐवजी दोनतीनदा डोलते. ही तपासणी फुकट आहे, स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट पाहताना करता येते. नवे शॉकअप मात्र जोडीने घालावेत. एक नवा, एक जुना असे केले तर गाडी एका अंगाने चालते, टायर तिरके झिजते आणि शॉकअपमध्ये वाचविलेला पैसा टायरच्या दुकानात जातो.