गुणसूत्रांची अदलाबदल आणि पुरुषाचा वाटा

मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाई, गाय व जमीन यांना लावतात. उर्दूतील ‘बांझ’ची गतही तीच. पुरुषाला तो सहसा लागत नाही. आपल्या जोयडा तालुक्यातही गर्भ वारंवार पडू लागला की बोट सुनेकडेच वळते.

माणसात ४६ गुणसूत्रे असतात, हे त्यो व लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखविले. पुढे रक्ततपासणीत काही निरोगी पुरुषांतही दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळू लागली. अशा पुरुषाला स्वतःला बहुधा त्रास नसतो. परंतु शुक्राणू तयार होताना वाटणी चुकते, कोणात तुकडा जादा, कोणात कमी, आणि पुष्कळदा गर्भ टिकत नाही. मात्र शुक्राणूतील गुणसूत्रे इतकी घट्ट आवळलेली असतात की ती पाहता येत नसत. १९७८ मध्ये हवाई विद्यापीठात रुडाक, जेकब्स व यानागिमाची यांनी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या, कवच काढलेल्या अंड्यात मानवी शुक्राणू शिरू देऊन ती उलगडली. १९९० च्या दशकात ‘फिश’ पद्धतीच्या चकाकत्या रंगखुणांमुळे हजारो शुक्राणू तपासता येऊ लागले. तपासलेला शुक्राणू वापरता येत नाही. सदोष किती, एवढेच प्रमाण कळते.

भारतात १९९४ च्या कायद्याने गुणसूत्रदोषासाठी गर्भपरीक्षणास मुभा ठेवली. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीस बंदी घातली. मुलगा व्हावा म्हणून शुक्राणू निवडायला निघालेल्या घरांतही पतीच्या गुणसूत्रांची साधी रक्ततपासणी बहुधा पत्नीच्या साऱ्या तपासण्या संपल्यावरच सुचते.