तळोज्याचे निळे कुत्रे आठवतायत? रंग निघाला, पण कासाडी नदीच्या गाळाचं काय?

ऑगस्ट २०१७ मध्ये पनवेलजवळच्या तळोजा एमआयडीसीतल्या भटक्या कुत्र्यांचे फोटो व्हायरल झाले होते. कुत्रे चक्क निळे होते. रंगद्रव्यं बनवणाऱ्या एका कारखान्याचा रंग त्यांच्या अंगाला लागला होता. प्राणीमित्रांनी तक्रार केली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. कुत्र्यांचा रंग धुतल्यावर निघाला आणि सोशल मीडिया पुढच्या विषयाकडे वळला.

त्याच एमआयडीसीतून वाहणारी कासाडी नदी मात्र धुऊन काढता येत नाही. का, ते समजून घेऊ.

तळोज्यात रसायनं, रंग, औषधं, मासळी प्रक्रिया असे शेकडो कारखाने आहेत. त्यांनी आपलं सांडपाणी आधी स्वतः काही प्रमाणात शुद्ध करायचं आणि मग सामायिक प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीत पाठवायचं, असा नियम. या केंद्रात मुख्य काम जिवाणू करतात. हवा मिळाली की ते पाण्यातली सेंद्रिय घाण खातात. पण शिसं, क्रोमियमसारखे जड धातू जिवाणूंना पचवून संपवता येत नाहीत. ते पाण्यातून निघून गाळात बसतात, एवढंच. हा गाळ घातक कचरा म्हणून खास अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरावा लागतो. अशी जागा तळोज्यातच आहे.

पण पाणी पूर्ण प्रक्रिया न होताच नदीत गेलं, तर हेच सगळं नदीच्या तळाशी साठतं. म्हणूनच नाल्याचं तोंड बंद केलं म्हणजे नदी साफ झाली असं होत नाही. वरचं पाणी पावसाळ्यात स्वच्छ दिसू लागतं, गाळ मात्र तिथेच असतो. पुराने किंवा भरतीने ढवळला की पुन्हा वर येतो आणि खाडीतल्या मासळीपर्यंत पोहोचतो.

मग गाळ काढायचा का? काढता येतो, पण पोकलेन लावून उपसणं एवढं सोपं ते नाही. आधी कुठे, किती खोल, काय साठलंय हे नमुने घेऊन तपासावं लागतं. नाहीतर उपसतानाच विष पसरतं. काही ठिकाणी गाळ न हलवता त्यावर स्वच्छ मातीचा थर देणं जास्त सुरक्षित ठरतं. जपानच्या मिनामाता खाडीत पारा सोडणं १९६८ मध्ये थांबलं. तिथला गाळ उपसून, भराव घालून ५८ हेक्टर जमीन तयार करण्याचं काम १९७७ ते १९९० चाललं.

आता खरा भांडणाचा मुद्दा: पैसे कोणी द्यायचे?

राजस्थानातल्या बिछडी गावात रंग उद्योगाला लागणारं 'एच-ॲसिड' बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या होत्या. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की घाण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च द्यायचा. कंपनीने वर्षानुवर्षं टाळलं, तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने चक्रवाढ व्याजासह रक्कम भरायला लावली. कासाडीचं प्रकरण २०१८ मध्ये नगरसेवक अरविंद म्हात्रे यांच्या याचिकेतून राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं, तिथेही हेच तत्त्व लागू होतं. अडचण अशी की, एकाच नदीत शेकडो कारखान्यांचं पाणी मिसळलं की कोणाचा वाटा किती, हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आणले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, मग तपासणी, मग सफाई. दोषी सापडला तर खर्च त्याचा, नाही सापडला तर केंद्र आणि राज्याचा.

मात्र खाणकामातून झालेलं प्रदूषण या नियमांतून वगळलंय. खरं तर जुनी घाण मागे राहण्याचा प्रश्न खाणींइतका क्वचितच कुठे असेल. काही खाणींच्या दगडात गंधक असतं. त्याला हवा-पाणी लागलं की खाण बंद झाल्यावरही अनेक दशकं आम्ल झिरपत राहतं. गोव्यात प्रकार वेगळा आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या ८८ लोहखनिज लीज रद्द केल्या. खाणी थांबल्या, पण मातीचे डंप उभेच राहिले. जोराचा पाऊस झाला की डिचोली-सत्तरीतल्या शेतकऱ्याच्या भातशेतीत आजही लाल गाळ उतरू शकतो.